मेदेयीनहून परतलेला स्वार

वाल्देइगेरा गावातून त्या हिवाळ्यात सतरा जण फ्रेंचांशी लढायला फौजेत गेले. सोळा पायदळात, आणि एकटा निकासियो घोडदळात. निकासियो जमीनदाराच्या तबेल्यात शिंगरं माणसाळवायचं काम करायचा आणि त्याच्याजवळ स्वतःची एक करडी घोडी होती. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी घोडीचे दात पाहिले, मग निकासियोकडे एक नजर टाकली, आणि दोघांनाही एका दमात घोडदळात घालून टाकलं. गावातल्या पोरांनी त्यावरून त्याची बरीच थट्टा केली. घोडीला हवालदार करतील आणि तुला तिचा खरारा करायला ठेवतील, असं ते म्हणायचे.

त्या सोळांत रेमीहियो होता, निकासियोच्या बायकोचा धाकटा भाऊ. ओकच्या झाडांची बुचाची साल काढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. आईबाप लवकर गेल्यामुळे कितेरियाने, म्हणजे निकासियोच्या बायकोने, त्याला पदराखाली वाढवलं होतं. निघताना तिने नवऱ्याला फार काही सांगितलं नाही. पोराच्या छातीत थंडी भरते, तेवढं बघ, एवढंच म्हणाली. शेजारच्या लेओकादिया मावशीचा एकुलता एक तिबुर्सियोही त्यांच्यातच होता. ताडमाड उंच, खादाड, आणि मनाने इतका हळवा, की डुकरं मारायच्या दिवसांत तो घरातून पळून रानात जाऊन बसायचा.

मार्चच्या अठ्ठावीस तारखेला ही फौज मेदेयीनसमोरच्या माळरानावर उभी राहिली. समोर किल्ल्याची टेकडी, उजवीकडे ग्वादियाना नदी, डावीकडे ओर्तीगाचा ओढा, आणि मधे जवाची कोवळी पिकं. बोचरा वारा सुटला होता. सेनापतीने सगळी फौज एका लांबलचक कमानीत मांडली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोसभर. मागे राखीव म्हणून एक पलटणसुद्धा नव्हती. निकासियोला लढाईतलं काही कळत नव्हतं, पण कुंपणातलं कळत होतं. शिंगरांसाठीही कुणी असं एकपदरी कुंपण घालत नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

त्याचं घोडदळ डाव्या बगलेला, ओढ्याच्या बाजूला होतं. तिकडे जाताना त्याला आपल्या गावचे लोक दिसले. निम्म्यांच्या पायात बूट नव्हते. काहींनी आपल्या बंदुका जेमतेम दोनदा उडवल्या होत्या. त्याने घोडी थांबवली आणि खोगिराच्या पिशवीतला पाव काढून रेमीहियोला दिला. रेमीहियोने त्यातला मोठा तुकडा तिबुर्सियोला मोडून दिला.

"दाजी, तुमच्या घोडीला सांगून ठेवा," रेमीहियो म्हणाला. "आमच्या अंगावर येऊ नको म्हणावं. या पायांवर तिचा एक खूर पडला, तर ताई तुम्हाला घरात घेणार नाही."

"तू सरळ चालत राहा. बाजूला आम्ही आहोतच."

"तुम्ही आहात म्हणून तर चाललोय. नाहीतर केव्हाच झाडावर चढून बसलो असतो."

तोंडात पाव असल्यामुळे तिबुर्सियो नुसताच हसला. तेवढ्यात नगारे वाजले.

पहिले दोन तास सगळं इतकं चांगलं चाललं, की कुणाचा विश्वास बसेना. फ्रेंच मागे हटत होते. अनवाणी पोरांची ती रांग पुढे सरकत होती, वाटेत पडलेल्यांना ओलांडत होती आणि पुन्हा जुळत होती. ज्या फौजेने सगळा युरोप पायाखाली घातला, ती आपल्यासमोर पाठीमागे पाऊल टाकते आहे, हे पाहून लोकांना चेव चढला. डाव्या बगलेच्या पायदळाने तर फ्रेंचांच्या तोफांपर्यंत मजल मारली. निकासियो घोडीवरून पाहत होता. आता त्या तोफा हातात येणार, असं त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं.

आणि मग फ्रेंच घोडदळ आलं. हिरव्या कोटातले, पितळी शिरस्त्राणं घातलेले स्वार मोठ्या घोड्यांवरून तोफांच्या बाजूने निघाले. ते फार वेगाने आले असंही नाही. आधी दुडक्या चालीने आले, गुडघ्याला गुडघा लावून, रांग न मोडता. अधिकाऱ्याने ओरडून हल्ल्याचा हुकूम दिला. निकासियोच्या उजवीकडचा स्वार मागे वळला. त्याच्या पलीकडचाही वळला. मग सगळी रांगच पत्त्यांच्या बंगल्यासारखी मोडली.

निकासियोने घोडी वळवली नाही. हे त्याने पुढे स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलं. घोडी आपण होऊन वळली, कारण बाजूचे सगळे घोडे वळले होते आणि ते जनावरच तसं असतं. ते खरंही होतं. पण वळल्यावर तिला टाचा कुणी मारल्या? टाचा त्याच्याच होत्या. एकदा मारून थांबला नाही, रक्त येईपर्यंत मारत राहिला. वाटेत सेनापतीचे लोक आडवे आले, तलवारीच्या पाठीने मारू लागले. त्यांनाही तुडवून सगळे पुढे गेले. मागून आवाज येत होते. बंदुकांचा आवाज लवकर थांबला आणि मग नुसता माणसांचा आवाज राहिला. निकासियोने मागे वळून पाहिलं नाही. संध्याकाळी धो धो पाऊस कोसळला, तेव्हा तो चार कोसांवर होता आणि त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

पळालेलं घोडदळ पुन्हा गोळा झालं. सेनापतीने शिक्षा म्हणून प्रत्येक स्वाराच्या दोन पिस्तुलांपैकी एक काढून घेतलं आणि गमावलेली इभ्रत परत मिळवाल तेव्हा ते परत मिळेल, असं जाहीर केलं. निकासियोने आपलं पिस्तूल मुकाट्याने ढिगात टाकलं. पायदळाचं काय झालं, याची बातमी एव्हाना आली होती. तीन बाजूंनी घेरून त्यांना कापून काढलं होतं. शरण आलेल्यांनाही सोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घोडी लंगडू लागली. हवालदाराने त्याला पलटणीच्या मागून सावकाश यायला सांगितलं. पलटण वळणाआड झाली, तशी निकासियोने कोट काढून झुडपात फेकला आणि घरची वाट धरली.

खरं सांगायचं, हे त्याने वाटेत ठरवलं होतं. कितेरियाला सगळं सांगायचं आणि मग ती म्हणेल ते करायचं. पण गावात शिरताना धुण्याच्या टाक्यावर बायका होत्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि हातातली धुणी टाकून त्या त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. कुणी रडलं नाही. लढाईची बातमी त्याच्या आधीच पोचली होती. फेर्मिना नावाची बाई सगळ्यांत पुढे होती. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, नवरा त्या सोळांत होता आणि तिला सातवा महिना होता. तिने त्याला आधी पाणी दिलं, तो पिईपर्यंत थांबली, आणि मग विचारलं, कसा गेला?

गेला का, असं तिने विचारलं नाही. कसा गेला, म्हणून विचारलं. तिच्या त्या पोटाकडे पाहत निकासियो म्हणाला, "उभा होता. शेवटपर्यंत उभा होता."

बस, एवढंच तो बोलला आणि तिथेच अडकला. कारण मग दुसरीने विचारलं आणि तिला उत्तर नाही असं कसं म्हणायचं? तिसरीच्या मुलाबद्दल त्याने सांगितलं, की गोळी लागली, एका क्षणात आटपलं, त्याला कळलंसुद्धा नाही. सांगता सांगता त्याला सुचत गेलं. चारचौघांत उठता-बसताना पाहिलेली माणसं ती. कोण कसा वागला असता, हे त्याला माहीत होतं. लेओकादिया मावशीला त्याने सांगितलं, की तिबुर्सियोने पडलेल्या सोबत्याला पाठीवर घेतलं होतं आणि तसाच तो पडला. मावशी म्हातारी, एका कानाने बहिरी. तिने ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने निकासियोच्याच पाठीवरून हात फिरवला.

कितेरिया शेवटी आली. ती सगळ्यांच्या मागे, टाक्याच्या कडेला उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिथे, सगळ्यांसमोर, त्याला दुसरं काही बोलताच येईना. "मी त्याच्यापाशी होतो," तो म्हणाला. "त्याचे डोळे मी मिटले."

कितेरियाने मान हलवली आणि खाली वाकून धुणं गोळा केलं.

आठवडाभर गावात त्या सोळा जणांच्या गोष्टी चालल्या. पाद्र्याने मेलेल्यांसाठी मिस्साची प्रार्थना ठेवायची म्हटली, तर बायका म्हणाल्या, आधी प्रेतं आणू. निकासियोने जागा पाहिलीच आहे. फ्रेंच वाटेत आहेत, तिथे काही उरलं नसेल, असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. नऊ बायका, पाच गाढवं आणि त्यांना वाट दाखवायला निकासियो, असे ते निघाले. फेर्मिनाला तिच्या सासूने येऊ दिलं नाही. वाटेवरच्या फ्रेंच चौकीने त्यांच्याकडची वाइनची कातडी पिशवी आणि एक गाढव काढून घेतलं. त्यांतला एक मिशाळ शिपाई मात्र नाकावर हात धरून, पुढे जाऊ नका, असं खुणेने सांगत राहिला.

पुढे काय होतं ते सांगण्यासारखं नाही. दोन आठवडे होत आले होते. पाऊस पडून गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. अंगावरचे कपडे कुणीकुणी ओरबाडून नेले होते. शेजारच्या गावांतून धरून आणलेले शेतकरी तोंडाला फडकी बांधून खड्डे खणत होते, पण खड्डे पुरत नव्हते. जवाचं पीक कोसभर चिखलात तुडवलं गेलं होतं आणि त्यात जिकडेतिकडे माणसं पडली होती, बरीचशी ओळीत, जिथे उभी होती तिथेच. त्यांत आपलं कोण आणि परकं कोण? चेहरे राहिले नव्हते. बायका वाकून हात पाहत होत्या, पायांची बोटं पाहत होत्या, दात पाहत होत्या. मधूनमधून त्या निकासियोला विचारत, कुठे रे, इथे का? आणि निकासियो, जो त्या जागी कधी आलाच नव्हता, हात करून म्हणायचा, थोडं पुढे.

दुपारपर्यंत तिघींना आपापलं माणूस सापडलं, किंवा सापडलं असं त्यांनी मानलं. तेवढ्यात खणणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं, की अर्ध्या कोसावर एका मठाच्या कोठारात काही जखमी ठेवलेत, तेही एकदा पाहून घ्या.

रेमीहियो तिथे होता. जिवंत होता.

कोठाराच्या भिंतीशी, गवतावर. डोक्यावर तलवारीचा घाव होता आणि डाव्या हाताची बोटं गेली होती. तापाने तो सुकून अर्धा झाला होता, पण डोळे उघडे होते. एका म्हाताऱ्या संन्याशाने त्याला तिसऱ्या दिवशी प्रेतांतून ओढून काढलं होतं. कितेरिया त्याच्यापाशी बसली आणि त्याच्या तोंडावरून, मानेवरून, छातीवरून हात फिरवत राहिली. बाकीच्या बायका दारातच थबकल्या. मग त्यांच्यातली एक निकासियोकडे वळून म्हणाली, "तू तर याचे डोळे मिटले होतेस."

रेमीहियोने मान वळवली आणि आपल्या दाजीकडे बराच वेळ पाहिलं.

"मिटले असतील," तो म्हणाला. "मी उघडले पुन्हा."

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. हा देवाचा चमत्कार, असं एक म्हणाली, आणि मग ते सगळ्यांनाच पटलं. लेओकादिया मावशी हळूहळू खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच आलं होतं. निकासियोने आपल्या हाताने ज्याचे डोळे मिटले, तो माणूस जर जिवंत निघतो, तर ज्याला त्याने नुसतं पडताना पाहिलं, त्याचं काय सांगावं? ती उठली आणि कोठारातल्या एकेका माणसाचं पांघरूण बाजूला करून पाहू लागली. तिबुर्सियो त्यांत नव्हता. दुसरीकडेही जखमी ठेवले असतील, जवळच्या दोन-बेनितो गावात, असं म्हणत ती बाहेर पडली. बाकीच्या तिच्या मागे गेल्या.

तिघंच राहिल्यावर रेमीहियो बोलला. हळू, थांबत थांबत बोलला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं निकासियोला पुढे अनेकदा वाटलं.

"आम्ही तोफांपाशी पोचलो होतो, ताई. एका गोलंदाजाच्या कोटाला मधलं बटण नव्हतं, तेसुद्धा मला दिसत होतं. तेवढ्यात डावीकडून टापा ऐकू आल्या. आम्हाला वाटलं, आपलेच. तिबुर्सियो म्हणाला, आले बघ, निकासियोची घोडी आली. आम्ही टोप्या हलवल्या. त्यांना पुढे जाता यावं म्हणून बाजूला सरून वाट दिली."

कितेरियाचा हात त्याच्या कपाळावर होता, तो तिथेच राहिला. "मग?" तिने विचारलं.

"मग काय. वाट दिलीच होती."

तिबुर्सियोचं पुढे काय झालं, हे त्याने पाहिलं नव्हतं. पहिलाच घाव त्याच्या डोक्यावर बसला होता.

कितेरियाने नवऱ्याकडे पाहिलं. "तू कुठे होतास?"

निकासियोने सांगितलं. घोडी वळली इथपासून सुरुवात केली आणि मग टाचांचंही सांगितलं. सांगून झाल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, की टाक्यावर ज्या गोष्टी सांगितल्यास, त्यांतली एकतरी खरी आहे का? त्याने नाही म्हटलं.

"घरी गेल्यावर यातलं अवाक्षर काढू नकोस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही सांगत. त्यांच्या हातात आता तेवढंच आहे."

रेमीहियो चौथ्या दिवशी गेला. त्याचे डोळे कितेरियाने मिटले, आणि त्या वेळी निकासियोला तिने बाहेर थांबायला लावलं. मठामागच्या कुंपणाशी त्याला पुरलं. खड्डा निकासियोने खणला. खणताना त्याला बरं वाटत होतं, म्हणून तो गरजेपेक्षा खोल खणत गेला. शेवटी संन्याशाने त्याच्या खांद्याला धरून त्याला वर घेतलं.

कितेरिया परत त्याच्याच घरी आली. जाणार कुठे? ती स्वयंपाक करायची, चण्याचं कालवण त्याच्या पुढ्यात ठेवायची, छप्पर गळतंय म्हणायची, मीठ संपलंय म्हणायची. त्यापलीकडचं बोलणं संपलं होतं. बिछाना तिने माळ्यावर नेला. घोडी निकासियोने एका खेचरवाल्याला देऊन टाकली. ती गेल्याचंही तिने विचारलं नाही.

गावात मात्र निकासियोला मान होता. मुलं जन्मली, त्यांना त्यांच्या बापांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. फेर्मिनाला मुलगी झाली. ती रांगायला लागली तेव्हा एकदा फेर्मिनाने तिला आणून त्याच्या मांडीवर बसवलं आणि म्हणाली, सांग हिला, हिचा बाप कसा उभा होता. मागे चुलीपाशी कितेरिया उभी होती. निकासियोने सांगितलं. एव्हाना त्या गोष्टीत गावाने आपली भर घातली होती, ध्वज आला होता, तीन फ्रेंच आले होते, आणि त्याला तेही सांगावं लागलं.

पण सगळ्यांत वाईट होतं ते लेओकादिया मावशीचं. तिने तिबुर्सियोची मिस्सा होऊ दिली नाही. बाकी चौदांची झाली, रेमीहियोची झाली, आणि तिबुर्सियोचं नाव आलं की ती देवळातून उठून बाहेर जायची. पाद्र्याने रागावून पाहिलं. जिवंत माणसाची मिस्सा करू नये, असं ती त्याला म्हणाली. कैद्यांना फ्रान्सला नेतात, असं तिने कुठून तरी ऐकलं होतं. रस्त्याने कुणी खेचरवाला, कुणी भिकारी, कुणी पळून आलेला शिपाई गेला, की ती त्याला अडवून विचारायची. येईल तो थकून येईल म्हणून रोज दोघांचं शिजवायची, आणि दुसऱ्या दिवशी ते शिळं स्वतः खायची. तीन वर्षांत तिने घरातलं एकेक विकलं. मेदेयीनला ती पाचदा चालत जाऊन आली.

सहाव्यांदा निघाली, तेव्हा तिला धड चालता येत नव्हतं. निकासियोने तिला गावाबाहेरच्या क्रूसापाशी गाठलं. सकाळची वेळ होती. देवळाच्या मनोऱ्यावर करकोचे चोची वाजवत होते. त्याने तिला दगडावर बसवलं आणि तिच्या ऐकू येणाऱ्या कानाशी वाकला. कितेरियाने बजावलेलं त्याला आठवत होतं. पण ही बाई वाटेत कुठेतरी पडून मरेल, आणि तेही आपल्या एका खोट्यापायी, हे त्याला आता सोसवेना.

"मावशी, परत चल. मी तिथे नव्हतो. तिबुर्सियोने कुणाला पाठीवर घेतलेलं मी पाहिलं नाही. मी काहीच पाहिलं नाही. मी पळालो होतो."

तिला कळायला वेळ लागला. त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. कितेरियाच्या भावाचे डोळे मिटल्याचंही खोटं होतं, आणि चमत्कार वगैरे काही नव्हता. ती थोबाडीत मारेल म्हणून तो वाट पाहत राहिला. तिने मारावं, गावात जाऊन ओरडावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

लेओकादिया मावशीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"म्हणजे पडताना तू त्याला पाहिलंच नाहीस?"

"नाही."

"कुणीच पाहिलं नाही?"

निकासियोला आता कळलं, की आपण काय करून बसलो.

"मग तो मेला, हे कुणी ठरवलं?" ती म्हणाली. तिच्या बोळक्या तोंडावर हसू पसरलं. तीन वर्षांत तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "पोरा, हे तू आधी का नाही सांगितलंस? मी तर रोज रात्री त्याला तसा पडलेला पाहायची, पाठीवर ओझं घेऊन."

तिने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं, काठी टेकून उठली आणि मेदेयीनच्या वाटेला लागली. निकासियोने तिला दोनदा हाक मारली. बहिरा कान त्याच्या बाजूला होता, की तिने ऐकूनच घेतलं नाही, कोण जाणे. तिला उचलून परत आणणं कठीण नव्हतं, तिच्या अंगात चिमणीइतकंही वजन राहिलं नव्हतं, पण तो तिच्यामागे गेला नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत तो त्या दगडापाशी उभा राहिला. मग घरी गेला. कितेरियाने कालवण वाढलं होतं.